एका पोराचा पाचवा हिस्सा

कर्नल द्राविकने आकडा ऐकला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "मान्य." डॉ. शर्वाणी ऐनापुरेच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. ती चुकचुकली नाही. उलट तिला इतका आनंद झाला की टेबलाखाली तिने स्वतःच्याच मनगटाला चिमटा काढून पाहिला.

आनंद होण्यासारखंच होतं म्हणा. मस्कतच्या त्या वाटाघाटींच्या खोलीत शिरायला संकटातल्या माणसांना अन्न-औषधं पोचवणाऱ्या तिच्या 'ओंजळ' या मिरजेच्या संस्थेला एकोणीस वर्षं लागली होती. तोवर संस्थेची जागा ठरलेली असायची: दाराबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर निवेदन. आत सरकारं बोलायची, लष्करं बोलायची. जेवणाच्या सुट्टीत एखादा कनिष्ठ अधिकारी बाहेर यायचा, निवेदन घ्यायचा आणि 'आपलं काम फार थोर आहे' असं सांगून हात धुवायला जायचा. थोर कामाला आत खुर्ची कुणी देत नव्हतं. २०४१ साली ती मिळाली, तीही थोरपणावर भाळून नव्हे. संस्थेकडे एक यंत्र होतं आणि ते जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

त्याचं नाव श्वासगणक. ड्रोनच्या पोटाशी बांधलेली, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. माणूस उपाशी राहिला की दीड-दोन दिवसांत शरीरातली साठवलेली साखर संपते आणि शरीर स्वतःची चरबी जाळायला घेतं. त्यातून ॲसिटोन तयार होतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. उपाशी माणसाच्या तोंडाला नासक्या फळासारखा गोडूस वास येतो, तो याचाच. श्वासगणक खिडकीतून लेझरचा एक अदृश्य किरण आत सोडायचा. प्रत्येक वायू प्रकाशाच्या आपापल्या ठरावीक छटा गिळतो, त्यामुळे परतलेल्या किरणात कोणती छटा किती फिकी झाली यावरून ॲसिटोन मोजता यायचं. कार्बन डायऑक्साइडच्या चढउतारावरून किती जण श्वास घेतायत ते समजायचं. लहान मुलांच्या श्वासात आयसोप्रीन नावाचा वायू मोठ्यांपेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून मुलं वेगळी काढता यायची. पहाटे गाव झोपलेलं आणि हवा थांबलेली असताना ड्रोन एक फेरी मारायचा आणि सांगायचा: पाच वर्षांखालची मुलं इतकी, त्यांतली उपाशी इतकी.

शर्वाणीचं म्हणणं साधं होतं. वेढा पडलेल्या गावातली माणसं म्हणतात आम्ही उपाशी आहोत, वेढा घालणारे म्हणतात ती ढेकर देतायत, आणि या वादात महिने जातात. तेव्हा वादच नको. शंभरातली वीस मुलं उपाशी असल्याचं लागोपाठ तीन सकाळी दिसलं, की दार उघडायचं आणि अन्नाच्या गाड्या आत सोडायच्या. चर्चा नाही, मतदान नाही, कुणाची दया नको. राजकारण आकड्याच्या बाहेर ठेवायचं.

"वीसच का?" द्राविकने एवढंच विचारलं होतं.

"त्याच्या पुढे मुलं भराभर मरायला लागतात."

"म्हणजे एकोणिसापर्यंत ठीक," तो म्हणाला आणि हसला. मध्यस्थ देशाचे राजदूत हसले. आपण आता या खोलीतल्या झालो आहोत हे दाखवायला शर्वाणीही हसली.

लुमेरा हे डोंगरातलं गाव मैदानी सरकारच्या फौजेने, म्हणजे द्राविकच्या माणसांनी, आठ महिने कोंडलं होतं. तिथे सहाशे मुलं होती, आणि 'ओंजळ'चं एकच माणूस: एस्तेर भोरे. मिरजेच्या मिशन कंपाउंडात वाढलेली, पंचेचाळिशीची नर्स. शर्वाणीनेच तिला तयार केलं होतं. पूर असो, भूकंप असो, दोघी वीस वर्षं बरोबर फिरल्या होत्या. तहामुळे एक फोनलाइन मिळाली होती, रोज दुपारी चार वाजता दहा मिनिटं. मिरजेकडच्या बऱ्याच बायका बोलतात तशी एस्तेर 'मी जातो, मी करतो' असं बोलायची. परमुलखातल्या त्या खोलीत तो आवाज कानावर पडला की शर्वाणीला घरी गेल्यासारखं वाटायचं.

"बाई, साखर आली बघा," तह होऊन पाच दिवस झाले तेव्हा एस्तेर म्हणाली. "दोन ट्रक. दुसरं काय न्हाई, नुसती साखर."

"साखर? कोणी पाठवली?"

"फौजेनंच. भेट म्हणं. पोरांस्नी रोज सांजच्याला मूठ मूठ द्यायची. मी पाण्यात कालवून देतो."

"आणि पोरं कशी आहेत?"

"पाय सुजल्यात. केस तांबडं पडालेत. आता रडत न्हाईत, बाई. रडत होती तवा बरं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटेचा आकडा आला: शंभरात सतरा. त्याच्या आदल्या दिवशी, मोजणीच्या पहिल्याच पहाटे, तो तेवीस होता. पुढच्या पहाटे सोळा.

सुजलेले पाय आणि उतरता आकडा, दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं. शर्वाणी खुर्चीत बसून राहिली आणि तिला हळूहळू उलगडा झाला. सायंकाळी मूठभर साखर पोटात गेली की शरीर रात्रभर तीच जाळतं. चरबीला हात लावायची वेळ येत नाही. पहाटेच्या श्वासात ॲसिटोन नाही. पण साखरेने मांस धरत नाही, रक्त होत नाही. मूल झिजत राहतं, फक्त त्याच्या तोंडाचा वास जातो. लवंग चघळून दारूचा वास मारावा, तसा द्राविकने भुकेचा वास मारला होता. दोन ट्रक साखरेत.

तिने टेबलावर हे मांडलं तेव्हा द्राविकने जराही आव आणला नाही. "तुमच्याच निबंधात वाचलं, डॉक्टर. 'गोड खाल्ल्यानंतर बारा तास मोजणी विश्वसनीय नसते.' फार प्रामाणिक निबंध आहे. मला वाटलं तुम्ही ते तहात घालाल."

तिने ते घातलं नव्हतं, आणि का घातलं नव्हतं हे तिला पक्कं आठवत होतं. मोजणीआधी बारा तास मुलांना काही देऊ नये, असं लिहायला लागलं असतं. 'ओंजळ'च्या प्रत्येक छावणीत एकच शिस्त होती: आधी वाढायचं, मग मोजायचं. पानावर बसलेल्या माणसाला 'थांब, तुझी भूक बघतो' म्हणायचं नाही. ती ओळ लिहिताना तिची तिलाच लाज वाटली होती, आणि तिने ती खोडून टाकली होती. चांगुलपणाने केलेली चूक ही वाईटपणाने केलेल्या चुकीइतकीच महाग पडते. फक्त तिचा राग कुणावर काढावा हे कळत नाही.

"ही साखर थांबवायला सांगा," ती राजदूतांना म्हणाली.

राजदूत भला माणूस होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उपाशी मुलांना साखर देऊ नये असं एका मानवतावादी संस्थेचं म्हणणं आहे. इतिवृत्तात घेऊ का?"

ती म्हणाली, "राहू दे."

चार वाजता तिने एस्तेरला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे साखर बंद करायची," शेवटी ती म्हणाली. "किती दिस?"

"तीनच. तीन सकाळी वीसच्या वर दिसलं की दार उघडतं. गाड्या फाटकाशी उभ्या करून ठेवल्यात. दूध, डाळ, तेल, औषधं, सगळं चौथ्या दिवशी आत."

"आन् आयांस्नी काय सांगू? पोती त्यांच्या डोळ्यांम्होरं हायत. कोठीची किल्ली माझ्या कमरंला हाय."

"खरं ते सांग."

"खरं काय ते मलाच धड समजंना झालंय, बाई. पार गळाल्यात त्यातली काही. साखरपाण्यावर टिकून हायत. तुम्हीच शिकिवलं न्हवं, अशा पोराला पैल्यांदा साखरपाणी पाजायचं?"

शिकवलं होतं. वीस वर्षं नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात शिकवलं होतं: अतिकुपोषित मूल भुकेने मरायच्या आधी रक्तातली साखर उतरून मरतं, झोपेतच जातं, कुणाला कळतही नाही.

"एस्तेर, सहाशे मुलं आहेत. असंच चाललं तर दोन महिन्यांत एकही राहणार नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणून करतो," एस्तेर म्हणाली. "माझ्या मनानं न्हाई करत."

पहिल्या सकाळी सहाशे मुलांत एकशे तेवीस उपाशी निघाली. आकडा भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांसमोर यायचा: वीस पूर्णांक पाच. शर्वाणीने सुटकेचा श्वास सोडला आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. मुलं उपाशी निघाली म्हणून आनंद होणारी ती जगातली पहिलीच डॉक्टर असावी. दुसऱ्या सकाळी एकशे सत्तावीस. द्राविकने पडद्याकडे पाहिलं आणि आपल्या सहायकाला काहीतरी लिहून दिलं. दुपारी एस्तेर दोनच वाक्यं बोलली. एक, बाया कोठीच्या दारात बसून हायत. दोन, उद्या नक्की न्हवं?

"नक्की," शर्वाणी म्हणाली.

तिसऱ्या सकाळी पडद्यावर आकडा उमटला: एकोणीस पूर्णांक सत्त्याण्णव.

तिला आधी वाटलं यंत्र चुकलं. मग तिने खालची बारीक ओळ वाचली. उपाशी मुलं एकशे अठरा. एकूण मुलं पाचशे एक्क्याण्णव.

नऊ मुलं कमी झाली होती. श्वासगणक श्वास मोजतो आणि मेलेलं मूल श्वास सोडत नाही. ती नऊ उपाश्यांतून गेली आणि एकूणातूनही गेली. रात्रीत चार नवी मुलं उपाश्यांत आली होती, आणि चार आयांना राहवलं नव्हतं, त्यांनी कुठूनतरी चिमूटभर साखर मिळवून पोरांच्या जिभेवर ठेवली होती. ते आठजण एकमेकांत फिटले. उरली ती नऊ. पाचशे एक्क्याण्णवाचे शेकडा वीस म्हणजे एकशे अठरा पूर्णांक दोन. एका पोराचा पाचवा हिस्सा कमी पडला होता.

"वीसच म्हणायला हरकत नाही," राजदूत चाचरत म्हणाले.

द्राविकने तहाची प्रत उघडली. "आकड्याची वर किंवा खाली काटछाट करू नये. हे वाक्य डॉक्टरांचं आहे. आम्ही लबाडी करू नये म्हणून त्यांनी घातलं होतं." त्याने प्रत मिटली. "मी लबाडी करत नाही."

त्या दुपारी फोनवर एस्तेरने नऊ नावं सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक नावापुढे वय सांगत गेली. सगळ्यांत मोठं मूल चार वर्षांचं होतं.

"दार उघडतंय न्हवं आता?" तिने विचारलं.

"थोडं कमी पडलं, एस्तेर."

"किती?"

शर्वाणीने सांगितलं. एस्तेरला पूर्णांक-अपूर्णांक कळले की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "आन् ती नऊ धरली असती तर?"

"तर झालं असतं."

"मग धरायची की. पुरल्यात मी. कुठं गेली न्हाईत ती."

दुसऱ्या दिवशी शर्वाणी टेबलाशी उभी राहिली आणि आजवर कुठल्याही तहात कुणी लिहिलं नसेल असं वाक्य तिने मांडलं: मोजणी सुरू असताना मरण पावलेलं मूल पुढचे तीन दिवस जिवंत आणि उपाशी धरावं. तिला वाटलं होतं मोठं रण माजेल. द्राविक म्हणाला, "योग्य आहे. आम्हालाही मुलं आहेत." फक्त त्याला त्याबदल्यात एक छोटं कलम हवं होतं. आकडा कधीही, एकदा जरी, शंभरात पाचाच्या खाली गेला, तर गावातली उपासमार संपली असं समजावं. ड्रोन परत न्यावा, फोनलाइन बंद करावी, संस्थेने टेबल सोडावं. सतत डोक्यावर ड्रोन फिरणं हा सार्वभौमत्वाचा अपमान असतो, तो म्हणाला.

शर्वाणीने विचार केला. साखर कोठीत कुलपात. सूज चढलेली गावभर मुलं. आकडा पाचाच्या खाली जाईल कसा? तिने मान्य केलं. देवाणघेवाण जमायला लागली म्हणून राजदूतांनी तिचं अभिनंदनही केलं. आत खुर्ची मिळालेला माणूस खुर्चीसारखा विचार करायला लागतो, आणि त्याला ते कळत नाही हीच त्यातली गंमत.

चार वाजता ती एस्तेरला म्हणाली, "नवीन कलम झालं. ती नऊ आता धरणार. पण झालेल्या सकाळी हिशेबात नाहीत, उद्यापासून पुन्हा तीन दिवस. साखर बंदच ठेव."

पाचाच्या कलमाबद्दल ती बोलली नाही. लपवायचं असं काही नव्हतं. कलमं एस्तेरला सांगायची पद्धतच नव्हती. तिला दिवस सांगायचे आणि काम सांगायचं, वीस वर्षं असंच चाललं होतं, आणि एस्तेरने सांगितलेलं कधी केलं नाही असं झालं नव्हतं.

मग एस्तेर म्हणाली, "बरं."

दुसऱ्या सकाळी पडदा उजळला तेव्हा द्राविक आधीच येऊन बसला होता. एकूण मुलं सहाशे, मेलेली धरून. उपाशी वीस. त्या विसांतली नऊ मेलेली.

शंभरात तीन पूर्णांक तेहतीस.

शर्वाणीने पुन्हा मोजणी मागितली. यंत्र ठीक होतं. हवा ठीक होती. गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने आदल्या संध्याकाळी पोटभर साखर खाल्ली होती.

पुढचं सगळं तासाभरात उरकलं. मोजणी खरी असल्याचा दाखला यंत्राच्या मालकाने द्यायचा असतो, म्हणजे तिनेच. मोजणी खरीच होती. ती नाही म्हणाली तेव्हा राजदूतांनी तिला बाजूला घेतलं. "तुम्ही आज आपला आकडा नाकारलात, तर उद्या जगात कुणीही नाकारील. अकरा तहांमध्ये हे मोजणीचं कलम जाणार आहे, डॉक्टर. सरकारांनी स्वयंसेवी संस्थेचं कलम उचलण्याची ही पहिली वेळ. एका गावासाठी ते सगळं घालवणार का?"

तिने सही केली. दुपारपर्यंत मैदानी सरकारचं निवेदन जगभर गेलं: लुमेरातील उपासमार संपुष्टात, स्वतंत्र मानवतावादी संस्थेचा निर्वाळा.

लाइन तोडायच्या आधी एकदा बोलू द्या, अशी विनंती तिने केली. "दोन मिनिटं," द्राविक म्हणाला. "खरं तर तेवढंही बसत नाही, पण तुमच्यासाठी." आणि तो घड्याळ काढून समोर बसला.

दोन मिनिटांत सांगायचं होतं एवढंच: ड्रोन आता येणार नाही, दार उघडणार नाही, कोठी उघडी ठेव, आहे ती साखर पुरवून पुरवून दे. एका दमात होण्यासारखं होतं. पण एस्तेरचा आवाज आला आणि ती नऊ नावं आठवून शर्वाणीच्या तोंडून भलतंच निघालं.

"पोरं कशी आहेत गं?"

"आज हासली, बाई." एस्तेरचा आवाज कित्येक दिवसांत असा नव्हता. "तुमचं ऐकलो न्हाई मी काल. रागावू नगासा. बाया पाया पडाल्या वो. म्हणाल्या, तीन दिस करतो की आम्ही परत, करणार न्हाई असं न्हाई, पर आदी एक सांज पोटभर खाऊ दे पोरांस्नी. एकच सांज. मग मी कोठी उघडली. दोन दोन मुठी वाटल्या. एक पोरगं तर..."

शर्वाणी ऐकत राहिली. तिला थांबवायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण पुढच्या वाक्याने ज्या आवाजाचं मातेरं होणार होतं, तो आणखी थोडा ऐकावा, एवढाच मोह तिला झाला. तो मोह दीड मिनिटाचा होता.

"...आन् आता सगळ्या तयार हायत," एस्तेर सांगत होती. "आज सांजपासनं बंद. धा पोरं दगावली तरी किल्ली मागायची न्हाई, असं देवाम्होरं कबूल करून घेतलोय. माझ्याकडनं बी. तुम्ही फकस्त उद्यापासनं तीन सकाळ धरा. ड्रोन येणार न्हवं उद्या?"

"एस्तेर, थांब, ऐक माझं..."

लाइन तुटली होती. द्राविक घड्याळाची साखळी खिशात ठेवत होता.

"मला एक मिनिट हवंय," शर्वाणी म्हणाली. "अर्धं. ती साखर कुलपात ठेवतेय. फक्त उघड म्हणून सांगायचंय. तुमच्या माणसाकरवी निरोप द्या हवा तर, भोंग्यावरून ओरडून सांगा."

द्राविकने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, खुनशीपणाही नव्हता. काम संपवून उठू पाहणाऱ्या माणसाची ती नजर होती.

"कोणत्या कलमाखाली, डॉक्टर?"

तिने तहाची प्रत पुढे ओढली आणि पानं उलटायला लागली. सगळी कलमं तिला पाठ होती, निम्मी तिचीच होती, तरी ती पहिल्यापासून शोधत राहिली. द्राविक उठून गेला. राजदूत थोडा वेळ दारात उभे राहिले आणि मग तेही गेले. खिडकीबाहेर उन्हं उतरत होती. लुमेरा बरंच पूर्वेला, तिथे एव्हाना सांज झाली होती.